धारेची वेळ आणि दहा जीबीचं कार्ड

“सोडला का पान्हा?”

“कशाचा सोडतीय! लाथ घातली बादलीला. अर्धं आंबोण माझ्या अंगावर.”

“अगं, आदी पाठीवरून हात फिरीव. गळ्याखाली खाजव जरा.”

“खाजवलं की. सासूचे पाय एवढे चेपले न्हाईत तेवढा हिचा गळा खाजवला. तुमी निगालाव का तेवढं सांगा.”

गुरुलिंगनं समोरच्या पडद्यावर बघितलं. हिरवी पट्टी निम्म्याच्या अलीकडंच रेंगाळत होती.

“एकेचाळीस टक्के झालंय.”

“टक्के घालू का म्हशीपुढं? साडेपाचची गाडी घावंल का न्हाई?”

“न्हाई घावत.”

बायकोनं, शिवकन्यानं, फोन ठेवला. लॅबमधल्या सगळ्यांनी हे ऐकलं. गुरुलिंगचा एक हात कायम माऊसवर आणि दुसरा कीबोर्डवर. त्यामुळं फोन टेबलावर उताणा आणि स्पीकर चालू, ही त्याची सतरा वर्षांची सवय. घरात मीठ संपलं तरी लॅबला कळायचं.

“मामा,” पलीकडच्या मशीनवरून उज्वला म्हणाली, “मामी चिडल्यात का म्हैस चिडलीय?”

“दोघी,” गुरुलिंग म्हणाला आणि परत पट्टीकडं बघायला लागला. बेचाळीस.

लातूरच्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर ही लॅब. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग इथं होतं. चाकूर, निलंगा, उदगीर, अहमदपूर, कुठलंही लग्न असो, बारा-साडेबाराच्या अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या, नवरी गाडीत बसली, की फोटोग्राफर कॅमेऱ्यातलं सगळं आपल्या डिस्कमध्ये भरून चारच्या सुमाराला इथं येतो. ते लॅबच्या सर्व्हरच्या डब्यात उतरवून घ्यायचं, मग जोडायचं, कापायचं, गाणी घालायची, नवरा-नवरीच्या नावाची पाटी फिरवायची. उज्वला अल्बमची पानं करते. मिक्सिंग गुरुलिंगचं. खिडक्यांना काळा कागद लावलेला, पडद्यावरचा रंग बराबर दिसावा म्हणून. आत बसलेल्याला दिवस कुठवर आला ते कळत नाही. गुरुलिंगला तेवढं कळायचं. चार वाजले की त्याला तिकडं चाकूरजवळच्या गोठ्यात कास भरत आलेली दिसायची.

आमच्या भागातलं लग्न म्हणजे काय असतं ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच ह्या कामाचा भार कळेल. पुण्याकडं म्हणं पाच मिनिटांचं लग्न करतात, धूर सोडतात, नवरी पळते, संपलं. इथं टोपी-टावेलाचा मान चार तास चालतो. माईकवर नाव पुकारायचं, पाहुणा मांडवातून उठून येणार, टोपी घालून घेणार, कॅमेऱ्याकडं बघणार. तो माणूस व्हिडिओत दिसलाच पाहिजे. गुरुलिंगनं नवीन असताना एकदा शहाणपणा केला. एकसारखंच दिसतंय म्हणून तीस-चाळीस टोप्या कापून टाकल्या. आठव्या दिवशी नवरीचा थोरला चुलता जीप भरून माणसं घेऊन जिना चढला. “माझी टोपी कुठाय?” एवढंच विचारत होता. तेव्हापासून गुरुलिंग टोपी कापत नाही. त्यात आता तीन कॅमेरे, वर ड्रोन, आणि सगळं फोर-के. एका लग्नाचं सातशे जीबी भरतं.

एवढं उतरवायला दोन तास लागायचे. आणि ते दोन तास गुरुलिंगला उठता यायचं नाही. पूर्वी एकदा कॉपी चालू असताना लाईट गेली होती, अर्धीच हळद उतरली होती आणि फोटोग्राफरनं पूर्ण झालं समजून कार्डं पुसली होती. अंगाला पुन्हा हळद लावून घ्या म्हणून त्या नवरा-नवरीच्या पाया पडायची वेळ आली. तेव्हापासून नियम झाला. कॉपी संपल्यावर गुरुलिंगनं प्रत्येक कॅमेऱ्याचा पहिला आणि शेवटचा तुकडा उघडून बघायचा, ‘हाव, आलंय’ असा होकार द्यायचा, आणि मगच फोटोग्राफरनं जिना उतरायचा. दुसऱ्या कुणाच्या ‘हाव’वर फोटोग्राफर भरवसा ठेवत नव्हते. गुरुलिंगला सुरुवातीला ह्याचा अभिमान वाटला. नंतर कळलं की हे दावं आहे.

दुसरं दावं घरी. म्हैस त्यानं बिलोलीकडच्या बाजारातून आणली होती, म्हणून घरात तिला बिलोलीकरीण म्हणतात. आणली तेव्हा शिवकन्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या बहिणीकडं गेलेली. बिलोलीकरीण व्याली, पंधराव्या दिवशी रेडकू मेलं, आणि तिनं पान्हा चोरला. गुरुलिंग तिच्यापाशी तासतास बसला. पाठीवरून हात, गळ्याखाली खाजवणं, आणि तोंडानं एक विचित्र हुंकार, “हं बाय, हं, आलाव आलाव.” चौथ्या दिवशी तिनं धार सोडली. महिन्यानं शिवकन्या घरी आली तोवर म्हशीनं आपला माणूस ठरवून टाकला होता. शिवकन्यानं गोड बोलून बघितलं, पाय बांधून बघितले, गुरुलिंगचा धुतलेला सदराही अंगात घालून बघितला. दगडासारखी उभी. “सवत आणलीय बाजारातनं,” शिवकन्या म्हणायची, “आन तिचं सगळं मीच करायचं. शेण मी काढायचं, वैरण मी टाकायची, आन लाड नवऱ्याचे.”

म्हणून रोज पहाटे धार काढून गुरुलिंग साडेआठच्या गाडीनं लातूरला यायचा आणि संध्याकाळी साडेपाचच्या गाडीनं परत. साडेसहाला फाट्यावर, पावणेसातला गोठ्यात. डेअरीवाला साडेसातला कॅन उचलतो. पुढची गाडी साडेसातला सुटते, म्हणजे घरी नऊ. बिगरसराईत हे बसत होतं. लगीनसराई लागली की आठवड्यातून चार दिवस बसायचं नाही.

त्या दिवशी बाकड्यावर वाट बघत बसला होता तो निलंग्याचा संगमेश, फोटोग्राफर. चहा पिऊन झाला, अल्बमचे नमुने तिसऱ्यांदा चाळून झाले, तसा तो उठून गुरुलिंगच्या मागं उभा राहिला.

“अण्णा, हे बघितलंस का? ह्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा?”

“त्याचं काय?”

“एकशे अकरा. मघाशी बघितलं तवाबी एकशे अकराच. मागल्या लग्नाला मी जुनी डिस्क आणली होती, आता ही नवी, चौपट पळणारी. तरी एकशे अकरा. तुझ्या डब्यात सहा डिस्का जोडीनं फिरत्यात, त्याबी दमलेल्या न्हाईत. मग अडतंय कुठं?”

“कुठं?”

“ह्या मशीनच्या लॅन कार्डात. एक जीबीचं हाय ते. त्याची हद्द एवढीच. हिकडं टाकी भरलेली, तिकडं हौद रिकामा, आन मधी पाव इंची नळी. नळी बदल की.”

“बदललं तर?”

“दहा जीबीचं टाक. दोन तासाचं काम अर्ध्या तासात.”

गुरुलिंगच्या माऊसवरचा हात थांबला. अर्धा तास. चारला डिस्क आली तर साडेचार. बघून-तपासून पाच. दोन डिस्का आल्या तरी साडेपाच चुकत नाही. त्यानं हे मनातल्या मनात चार वेळा फिरवून बघितलं, कुठं तुटत नव्हतं. आणि सतरा वर्षं तो पट्टीकडं बघत आला होता, कोपऱ्यातल्या आकड्याकडं कधी बघितलं नव्हतं.

लॅबचे मालक शंकरप्पा जिन्याच्या तोंडाशी काउंटरवर बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या पोटाला वळसा घालूनच जावं लागतं. गुरुलिंगनं दुसऱ्या दिवशी विषय काढला.

“आप्पा, लॅन कार्डं बदलू. कॉपी अर्ध्या तासात व्हईल. उज्वलाचंबी पान अडकतंय बगा, माझी कॉपी लागली की. सगळे एकाच नळीवर हाव.”

शंकरप्पांनी फ्रेमवरची धूळ फडक्यानं पुसली. “गुरुलिंग, हे बाकडं मी कामून ठेवलंय?”

“फोटोग्राफरला बसायला.”

“फोटोग्राफर कामून बसतो?”

“कॉपी व्हईस्तोवर.”

“आन बसला की काय करतो? चहा पेतो. अल्बम चाळतो. ‘आप्पा, हा मखमलीचा केवढ्याला?’ म्हणतो. दोन तास बसलेला माणूस रिकाम्या हातानं जिना उतरत न्हाई. तू अर्ध्या तासात हाकलायला निगालास. माझी कॉपी बराबर हाय. हळूच असू दे.”

गुरुलिंग जागेवर येऊन बसला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाटलं होतं मशीन गरीब आहे म्हणून हळू आहे. ते हळू ठेवलेलं होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत नऊ वेळा गाडी चुकली. दहाव्या वेळेला तो घरी पोचला तर शिवकन्या दारात कंदील घेतल्यासारखा मोबाईलचा उजेड धरून उभी. म्हशीचा मागचा उजवा सड गरम लागत होता. तिनं त्यालाही हात लावू दिला नाही, आखडली. सकाळी चाकूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कास दाबून बघितली, इंजेक्शन दिलं, आणि हात धुताना म्हणाले, “दूध कासेत तुंबतंय. दोन्ही वेळची धार वेळेवर निघाली पाहिजे. आता पुन्हा चुकवलं तर हा सड बाद होईल. बाद झालेला सड परत येत नाही, मग नंतर मला बोलवू नका.”

“धारंला माणूस पायजे तो लातूरला बसतो,” शिवकन्या म्हणाली. “त्याला कोणतं इंजेक्शन हाय का बगा.”

डॉक्टर हसले. गुरुलिंगला हसू आलं नाही. लॅब सोडून द्यावी तर नुसत्या एका म्हशीवर आणि दीड एकर हलक्या रानावर चार माणसं जगत नाहीत. म्हैस विकावी तर तापलेल्या सडाची म्हैस कोण घेतो? दुसऱ्या लॅबमध्ये जावं तर तिथंही अशीच काळ्या कागदाची खिडकी आणि अशीच पट्टी. त्यानं संगमेशला फोन लावला.

संगमेशच्या मेव्हण्याचं नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हैदराबादच्या कंपन्या जुने सर्व्हर मोडीत काढतात, त्यातली कार्डं त्याच्याकडं येतात. जुनी, पण दहा जीबीची. दोन पाहिजेत, मेव्हणा म्हणाला, एक मशीनला, एक डब्याला. गुरुलिंगनं पेंडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे दिले. मालकाच्या मशीनला स्वतःच्या पैशाचं कार्ड बसवणारा लातूर जिल्ह्यातला तो पहिलाच असंल, असं उज्वला म्हणाली. “हुंडा दिल्यासारखं करायलाव मामा.”

बसवायचं कधी, हा प्रश्न होता. शंकरप्पा सकाळी लॅब उघडतात आणि संध्याकाळी स्वतः कुलूप लावतात. पण दर अमावस्येला ते गावाकडच्या देवाला जातात, आणि अमावस्येला लग्नाचा मुहूर्तही नसतो. त्या दिवशी लॅबमध्ये गुरुलिंग आणि उज्वला दोघंच. अमावस्येला मशीन उघडू नये असं आप्पांचं म्हणणं. पण आप्पा नव्हते.

संगमेशनं आणून दिलेली कार्डं वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. गुरुलिंगनं मशीनचं बाजूचं झाकण खोललं. आत बारा वर्षांची धूळ लोकरीसारखी बसलेली. ती झाडली, रिकाम्या खाचेत कार्ड दाबून बसवलं. डब्यातही बसवलं. जुन्या वायरी नव्या कार्डांना लावल्या. मशीन चालू केली, एक जुनं लग्न उचललं आणि डब्याकडं सोडलं. कोपऱ्यातला आकडा हलला, चढला, थांबला.

एकशे अकरा.

गुरुलिंग बघत राहिला. त्यानं काढून परत बसवलं. एकशे दहा. ऊन उतरल्यासारखा त्याचा चेहरा उतरला. पेंडीचे पैसे गेले, आणि उद्या तीन लग्नं.

“मामा, त्या नांदेडवाल्याला इचारा की,” उज्वला म्हणाली.

फोन टेबलावर, स्पीकर चालू. मेव्हणा कुणाशी तरी भांडत होता, मग इकडं वळला. “दोन्ही कार्डं बसली का? बत्त्या लागल्या? मग मधी काय हाय?”

“मधी वायर.”

“सरळ वायर? का मधी एखादी पेटी हाय, बारक्या हिरव्या बत्त्यांची?”

गुरुलिंगनं टेबलाखाली वाकून बघितलं. होती. सगळ्या मशिनींच्या वायरी त्या पेटीत, म्हणजे स्वीचमध्ये, शिरत होत्या. तो इतकी वर्षं तिच्यावर पाय ठेवून बसला होता.

“हाय.”

“ती पेटी एक जीबीची. तुमी दोन्ही टोकं रुंद केली, मधलं तसंच ठेवलं. तुमची कार्डं काय करतील? काढा तिला मधनं. चांगली नवी वायर घ्या, ह्या कार्डातून सरळ त्या कार्डात. दोन्हीचे नंबर हातानं टाका, मी सांगतो ते. बाकीच्या मशिनी ऱ्हाऊ द्या पेटीवरच.”

उज्वला पळत जाऊन वायर घेऊन आली. मेव्हण्यानं आकडे सांगितले, गुरुलिंगनं एका बोटानं टाकले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जुळले. परत तेच लग्न सोडलं. आकडा एकशे अकराला थांबलाच नाही. दोनशे, साडेतीनशे, चारशे चाळीस. पट्टी डोळ्यांदेखत सरकत होती. गुरुलिंगनं पडद्याकडं बघितलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, आणि सातशे जीबी पुरं होईपर्यंत तिथंच बघत राहिला. सव्वीस मिनिटं.

आणखी एक गोष्ट झाली, जी त्यानं मागितलीच नव्हती. त्याचं ओझं स्वीचवरून हटल्यामुळं उज्वलाचं पान अडकायचं थांबलं. आणि मिक्सिंग करायला लग्न आधी आपल्या मशीनवर ओढून घ्यायचं, दुपार घालवायची, तेही बंद. डब्यातलं डब्यातच उघडायचं आणि तिथंच कापायचं. फोर-केचे तीन कॅमेरे एका वेळेला पळवले तरी चित्र अडखळत नव्हतं.

अकरा दिवस सुखाचे गेले. साडेपाचच्या गाडीत खिडकीशी जागा. फाट्यावर उतरायचा तेव्हा उजेड शिल्लक असायचा. बिलोलीकरीण त्याची चाहूल लागली की मान वळवायची. सडाची सूज उतरली. शिवकन्या बादली पुढं करत म्हणाली, “आता कसं! दोन्ही घरं सांभाळायलाव.” डेअरीवाल्यानं विचारलं, नवी म्हैस आणली काय?

शंकरप्पांना तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. बाकडं रिकामं पडायला लागलं तेव्हा. ते आत आले, मशीनमागच्या नव्या वायरीकडं बघितलं, आकड्याकडं बघितलं. गुरुलिंगनं ओरडा खायची तयारी केली.

“कुणी बसवलं?”

“मी, आप्पा.”

“पैसे?”

“माझे.”

शंकरप्पांनी वायर बोटानं जरा ओढून बघितली. मग त्यांनी गुरुलिंगच्या खांद्यावर हात ठेवला. “लई भारी काम केलास.” आणि बाहेर जाऊन फोन लावायला लागले. गुरुलिंगला वाटलं, सुटलो.

पुढच्या आठवड्यात जिन्यापाशी फ्लेक्स लागला. ‘अर्ध्या तासात कॉपी.’ उदगीरचे दोन फोटोग्राफर आले, अहमदपूरचे आले, एक देगलूरचाही आला. बाकड्यावर आता दोन तास बसणारा एक नव्हता, अर्धा-अर्धा तास बसणारे पाच होते, आणि आप्पांचं मखमलीचं कापड पूर्वीपेक्षा जास्त हातांखालून जात होतं. दिवसाला दोन लग्नं होती तिथं पाच झाली.

“आप्पा, एवढं हुईना,” गुरुलिंग म्हणाला.

“कामून? कॉपीला वेळ लागतोय का?”

“न्हाई. पण मिक्सिंग…”

“दीड तास तुझा वाचला का न्हाई एका लग्नाला? तूच वाचवलास. मग तो वेळ हाय की तुझ्याकडं.”

कार्ड पळत होतं, डबा पळत होता, वायर नवी होती. पण टोपी-टावेल तेवढाच होता, आणि तो बघायला डोळे दोनच. प्रत्येक डिस्कचा पहिला आणि शेवटचा तुकडा बघून ‘हाव, आलंय’ म्हणणारा माणूस एकच. त्यानं कार्ड बदललं, स्वीच काढला, आणि अडायची जागा सरकत सरकत त्याच्याच खुर्चीत येऊन बसली होती. पूर्वी ‘कॉपी चालूय’ म्हणून पाय लांब करून बसता यायचं, भाकरी खाता यायची, चाकूरच्या पाहुण्याशी फोनवर बोलता यायचं. आता तेही गेलं. एकच आधार उरला होता. पाचला उठून तो म्हणायचा, “आप्पा, म्हशीची वेळ झाली. सड जाईल.” म्हशीपुढं आप्पांचं चालायचं नाही. ते स्वतः गुरं राखलेले, सड जाणं म्हणजे काय ते त्यांना कळायचं. तोंड वाकडं करून ते पोट आत घ्यायचे आणि वाट द्यायचे.

त्या गुरुवारी दाट मुहूर्त होता. मुहूर्त सकाळचे, म्हणून पहिली डिस्क अडीचलाच आली आणि साडेचारपर्यंत पाच टेबलावर पडल्या. चार उतरल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी गुरुलिंग उठला, पिशवी खांद्याला लावली. संगमेशची डिस्क राहिली होती.

“एवढी एकच,” शंकरप्पा म्हणाले. ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. “निलंग्याला परत जायचंय त्याला. सव्वीस मिनिटं तर लागत्यात. तुझंच कार्ड.”

सव्वीस मिनिटं, आणि वर तपासणी. संगमेश खाली बघत होता. गुरुलिंग वळला. डिस्क लावायला गेला तर वायर ढिली निघाली. ती नीट करून आकडा चढेपर्यंत साडेपाचची गाडी स्टँडाबाहेर पडली होती.

पावणेसहाला फोन वाजला.

“निगालाव का?”

“चुकली.”

शिवकन्या चिडली नाही. तेच वाईट होतं. “कास दगडावाणी झालीय,” ती म्हणाली. “तोच सड. हात लावला तर गरम लागायलाय. नऊपर्यंत थांबली तर जाणार बगा हा. तुमचा सदरा घालून उभी हाय मी गोठ्यात.”

“धुतलेला?”

“मग काय, वासाचा घालू?”

“वासाचाच घाल! कालचा, खुंटीवरचा. धुतलेल्याला काय वळखणार ती?”

पलीकडं पावलांचा आवाज, बादलीचा आवाज. इकडं लॅबमध्ये अल्बम चाळत रेंगाळलेले बाकड्यावरचे फोटोग्राफर माना वळवून फोनकडं बघत होते.

“घातला. हुंगायलीय,” शिवकन्या हळू आवाजात म्हणाली. “उभी ऱ्हायलीय गप. लाथ न्हाई मारली. पण सोडत न्हाई. आवाज पायजे तिला. मी फोन तिच्या कानापाशी धरते, तुमी बोला.”

गुरुलिंगनं मान वर केली. शंकरप्पा काउंटर सोडून आत येऊन उभे होते, हाताची घडी घालून, कान देऊन. फोन उचलून बाहेर जिन्यात जावं तर वाटेत तेच. स्पीकर बंद करावा तर आता त्याचा काय उपयोग? आज बोललो आणि तिनं सोडला, तर उद्या पाचला उठून काय सांगायचं? हे सगळं त्याच्या डोक्यात आलं, स्वच्छ आलं. फोनमधून म्हशीचा श्वास ऐकू येत होता, जड, अडकल्यासारखा.

तो टेबलावर वाकला. तोंड फोनपाशी नेलं.

“हं बाय,” तो म्हणाला. “हं. आलाव, आलाव. हं माझी बाय. सोड. मी हाय हितं. आलाव.”

काही नाही. उज्वलानं डोळे मिटले होते.

“आलाव, बाय. हं. हंऽऽ.”

आणि मग रिकाम्या बादलीच्या बुडावर पहिली धार पडली. चर्र. परत चर्र. मग दोन्ही हातांची लय लागली. चर्रचर्र, चर्रचर्र, आणि बादली भरत गेली तसा आवाज जाड होत गेला. गुरुलिंग हुंकार देत राहिला, थांबला तर ती थांबेल म्हणून. पंधरा मिनिटं. पडद्यावर संगमेशची पट्टी पुढं सरकत होती, कोपऱ्यात चारशे अडतीस, चारशे चाळीस.

“चारी सड मोकळे झाले,” शिवकन्याचा आवाज आला. हसत होती, दमली होती. “बादली भरली. डेअरीवाला यायच्या आत झालं. तुमी या आता सावकाश, कायबी घाई न्हाई.”

फोन बंद झाला. फोटोग्राफरांपैकी एकानं टाळी वाजवली. उज्वलानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हात मांडीखाली घातले.

“भले!” शंकरप्पा म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता. “वाचला बग सड. उगा पळापळ करत होतास इतके दिवस. आता रोज सहाला फोन लावत जा. तेवढा वेळ मी कुणाला बोलू देत न्हाई हितं.”

गुरुलिंगनं पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीला अडकवली. पट्टी पुरी झाली होती. त्यानं पहिल्या कॅमेऱ्याचा पहिला तुकडा उघडला, शेवटचा उघडला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, ड्रोनचा.

“हाव, आलंय,” तो संगमेशला म्हणाला.

संगमेशनं डिस्क खिशात घातली. खाली बघतच तो जिना उतरून गेला. गुरुलिंगनं खुर्ची पुढं ओढली आणि सकाळचं अर्धं राहिलेलं लग्न उघडलं. माईकवर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. धोतरातला एक म्हातारा मांडवातून उठून आला, टोपी घालून घेतली आणि कॅमेऱ्याकडं बघत उभा राहिला. गुरुलिंगनं त्याला पुरता उभा राहू दिला, मग पुढचं नाव लावलं.